घटिकापात्र आणि आमची आत्या

परवा मीरा रोडला भाच्याच्या मुलाचं लग्न होतं. मुहूर्त १२.४२ चा. भटजींच्या एका हातात माईक, दुसऱ्या हातात मोबाईल. त्यातच वेळ बघणं चाललेलं. मला एकदम घटिकापात्र आठवलं. हल्लीच्या मुलांनी ते पाहिलंही नसेल, म्हणून लिहिते आहे.

तांब्याची पातळ वाटी, बुडाला बारीकसं छिद्र. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत सोडायची. छिद्रातून पाणी आत येत येत २४ मिनिटांत वाटी बुडाली, की झाली एक घटका. अशा ६० घटकांचा दिवस-रात्र मिळून एक दिवस. घटकेची ६० पळं, दोन घटकांचा एक मुहूर्त. पूर्वी घटका भरली की धातूच्या थाळीवर टोल देत. त्या थाळीला म्हणत तास! त्यावरूनच आपला घड्याळातला तास आला आणि शाळेतला गणिताचा ताससुद्धा. (मी ३४ वर्षं तास घेतले, पण हे कळलं निवृत्त झाल्यावर.)

गणित म्हटलं की लीलावती आलीच. भास्कराचार्यांची मुलगी लग्नघटिका बघायला वाटीवर वाकली, अंगावरचा मोती आत पडला, छिद्र बुजलं आणि मुहूर्त टळला... सातवीच्या वर्गात ही गोष्ट मी दरवर्षी रंगवून सांगायचे. मुली अगदी गप्प होऊन ऐकायच्या.

आमच्या आत्याच्या लग्नातही घटिकापात्र ठेवलं होतं. दीड वर्षात तिचे यजमान विषमज्वराने गेले. मग कुणीतरी बोललं, छिद्रात अक्षत अडकली होती म्हणे, घटका चुकली. ते शेवटपर्यंत तिला चिकटलं. तीही म्हणायची, "लीलावतीसारखंच झालं गं माझं."

भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी. चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने कोरवलेला शिलालेख आहे. पण मोत्याची गोष्ट मूळ ग्रंथात नाहीच! ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात. म्हणजे तब्बल ४३७ वर्षांनी. आणि मी ती खरी म्हणून शिकवत होते.

हे वाचलं तेव्हा आत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या लग्नातलं घंगाळ आमच्या भाईंदरच्या घरी गॅलरीत आहे, त्यात मी कमळ लावलंय. वाटी मात्र सापडत नाही. ठाण्याच्या मंडळींपैकी कुणाकडे असली तर कळवा.