१८ वर्षांचा मतदार

आयर्लंडमध्ये पूर्वी मत द्यायला २१ वर्षे पूर्ण व्हावी लागत. ७ डिसेंबर १९७२ च्या सार्वमतात सुमारे ८५ टक्के लोकांनी हे वय १८ वर आणण्यास होकार दिला. खरी गंमत पुढेच आहे. पंतप्रधान जॅक लिंच यांनी २८ फेब्रुवारी १९७३ लाच निवडणूक ठेवली, आणि नवी मतदारयादी लागू व्हायची होती एप्रिलमध्ये! हक्क मिळाला, पण यादीत नाव नाही. प्रकरण न्यायालयात गेले, तिथेही दाद लागली नाही. लिंच यांचे सरकार मात्र गेले. या मुलांनी मग मे महिन्यात राष्ट्राध्यक्षपदासाठी मत दिले.

भारतात ६१ वी घटनादुरुस्ती मार्च १९८९ मध्ये अमलात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली, तेव्हा असा घोळ झाला नाही.

२०१३ मध्ये इथल्या घटना परिषदेने वय १६ करण्याची शिफारस केली. त्यावर सार्वमत अजून झालेले नाही.

आपल्या घरांत ‘आपण परके, आपले कसले मत’ असे अजून ऐकू येते. काउन्सिलच्या निवडणुकीला नागरिकत्व लागत नाही. इथे राहणे आणि १८ वर्षे पूर्ण असणे पुरते. यादीत नाव मात्र आधी हवे, आईबाबांचेही.