गोचीड ताप : रोग जुना, गाय नवी

साक्री, पिंपळनेर, निजामपूर भागातल्या ज्या बहिणींनी गटाचं कर्ज काढून संकरित गाय घेतली, त्यांना गोचीड तापाचं नाव ऐकूनच धडकी भरते. हप्ते बाकी असतात आणि दावण रिकामी होते. हा रोग माणसाला कळला कसा, ते आज पाहू.

सन १८८०. डेरा इस्माईल खान इथे घोडे आणि उंट सर्रा रोगानं मरत होते. ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्यानं आजारी जनावराचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यात वळवळणारे परजीवी दिसले. वरिष्ठांना ते पटलं नाही, पण पुढे तेच खरं ठरलं. १८८९ मध्ये आपल्या पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली. तिचे प्रमुख अल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्ऱ्याचा अभ्यास केला. तीच संस्था पुढे मुक्तेश्वरला आणि इज्जतनगरला गेली.

सर्रा चावऱ्या माशांमुळे पसरतो. गोचिडाचा गुन्हा उघड झाला तो अमेरिकेत. तिथे दक्षिणेची धडधाकट गुरं उत्तरेत नेली, की उत्तरेची गुरं तापानं, लाल लघवी होऊन मरायची. गुराखी म्हणायचे, हे गोचिडाचं काम. शिकलेले लोक हसायचे. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी दक्षिणेच्या गुरांचे गोचीड वेचून काढले आणि मग ती उत्तरेच्या गुरांत सोडली. कुणी आजारी पडलं नाही. नुसते गोचीड कुरणात टाकले, तर गुरं आजारी पडली. १८९३ मध्ये हे छापून आलं. गुराखीच खरे निघाले.

आता आपल्याकडे या. देशी गाय पिढ्यान्‌पिढ्या गोचिडांत वाढली. तिला थायलेरियाची लागण होते, पण बहुधा ती निभावते. मात्र परजीवी तिच्या रक्तात राहतो. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला बाएफ संस्था उभी केली, १९७० मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली. होल्स्टीन, जर्सीच्या संकरातून दूध वाढलं. पण ही नवी गाय गोचीड तापाला हळवी. एकाच गोठ्यात देशी गाय ठणठणीत आणि संकरित गाय आडवी, असं होतं ते यामुळेच. अमेरिकेतली गोष्ट ती हीच.

१९८० नंतर थायलेरियावर ब्युपारव्हाक्वोन हे गुणकारी औषध आलं. देशात लसही तयार झाली. पण औषध लवकर दिलं तरच गाय वाचते. म्हणून खुणा ओळखा : जोराचा ताप, खांद्यापुढची गाठ सुजणं, दूध एकदम आटणं, डोळ्यांच्या आतली लाली जाऊन पांढुरकेपणा येणं. यातलं काही दिसलं, की मनानं औषध न देता पशुवैद्यांना बोलवा आणि रक्त तपासायला सांगा. लस कोणत्या जनावराला आणि कधी द्यायची, तेही त्यांनाच विचारा.

गोचीड फक्त गायीच्या अंगावर नसतो. मादी भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. भेगा लिंपून घ्या. नवीन गाय आणली तर आधी गोचीड काढा, मगच दावणीला बांधा.

धार काढणारी, शेण उचलणारी बाई गायीच्या सगळ्यात जवळ असते. बदल तिलाच आधी दिसतो. तो दिसला, की घरात कुणी हसलं तरी बोला.