परमुलखातले डास

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी पहिल्यांदाच बेळगाव सोडून अमेरिकेला गेले. बॅगेत डिंक, अळीव, जुन्या सुती साड्यांची दुपटी, पाणी गाळायचं कापड, सगळं आठवणीनं घेतलं होतं. मच्छरदाणी मात्र घेतली नव्हती. "तिकडं कुठले आलेत डास?" असं शेजारणीला मीच ऐटीत सांगितलं होतं.

लेक राहते न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावात. आपली माणसं तिथं इतकी, की दुकानात मेथी आणि राजगिरा मागायला इंग्रजी लागत नाही. जूनमध्ये तिथं सूर्य साडेआठला मावळतो. दिवस मावळायच्या आत जेवायचा आमचा नेम, त्यामुळं मला बरंच वाटलं. निवांत सात वाजता अंगणात ताटं घेऊन बसावं, गवताचा वास, लांबच लांब संध्याकाळ. पण दुसऱ्याच दिवशी घोटे आणि पोटऱ्या सुजल्या. थोरली नात चार वर्षांची, तिच्या पायांवर तर रुपयाएवढे लाल चट्टे. आणि हे डास अंधाराची वाट बघत नव्हते. भर दुपारी तीन वाजताही चावत होते.

मग एक दिवस सव्वा महिन्याच्या धाकटीच्या गालाजवळ एक डास घोंगावला. मी हातानं वारा घातला, हटला नाही. माझे दोन्ही हात कधी उठले आणि टाळी कधी वाजली, मलाच कळलं नाही. तळव्यावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे बारीक पाय आणि रक्ताचा एक थेंब. ते रक्त आमच्याच बाळाचं होतं.

तुम्ही म्हणाल, एका डासाचं काय एवढं? ज्यांच्या घरात पाणी गाळून मगच चुलीवर चढतं, त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडं गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे चार प्रकार सांगतात. मारायचं ठरवून केलेली ती संकल्पी. श्रावकानं ती सोडायचीच. रांधताना, झाडताना घडते ती आरंभी. पोटापाण्याच्या व्यवसायात घडते ती उद्योगी. आणि घरच्यांच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. डास हा चार इंद्रियांचा जीव. मुनींनी सोसायच्या बावीस परीषहांत दंशमशक, म्हणजे डासमाश्यांचा चावा, हा एक परीषहच आहे. पण मुनी सोसतात ते स्वतःच्या अंगावर. सव्वा महिन्याच्या लेकराच्या अंगावर सोसायचा परीषह कुणी सांगितलेला नाही.

जावई म्हणाले, "आई, इथं सगळेच कंपनीला बोलावून अंगणात औषध मारून घेतात. आपणही घेऊ." लेक गप्प राहिली. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डासांचं मलम लावायचं नाही, असा तिथल्या डॉक्टरांचा नियम. म्हणून बाळाच्या गाडीवर जाळी बसवली. पण थोरलीला अंगणात खेळायला न सोडून कसं चालेल? लेकीनं मला विचारलं, "आई, आपण काय करायचं?" मला उत्तर येत नव्हतं. बाळ झोपलं की वेळच वेळ असायचा. लेक वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायची. या मुलखात आपल्याआधी आलेल्या माणसांनी काय केलं, ते बघावं म्हटलं.

पहिल्यांदा समोर आलं फिलाडेल्फिया शहर. एडिसनपासून गाडीनं दीड तासाच्या आत. १७९३ साली ते देशाच्या राजधानीचं शहर होतं. त्या उन्हाळ्यात आजच्या हैतीमधून बंडाळीला भिऊन पळालेल्या लोकांची जहाजं बंदरात लागली आणि पीतज्वराची साथ आली. पन्नासेक हजार वस्तीच्या शहरात पाचेक हजार माणसं गेली. दर दहांत एक. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनसुद्धा शहर सोडून गेले. लोकांनी चौकांत शेकोट्या पेटवल्या, बंदुकांचे बार काढले, व्हिनेगरात भिजवलेले रुमाल नाकाला लावले. हवाच वाईट आहे, असं सगळ्यांना वाटे. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थही वाईट हवा असाच आहे. गच्च थंडी पडली तेव्हा साथ थांबली, कारण थंडीनं डास मेले. पण हे कारण तेव्हा कुणालाच कळलं नाही. पीतज्वराचा डासही त्या मुलखाचा नव्हे. गुलामांच्या जहाजांतल्या पाण्याच्या पिंपांतून तो आफ्रिकेतून आला होता.

डासाचा गुन्हा पहिल्यांदा सिद्ध झाला तो आपल्याकडं. अल्मोड्याला जन्मलेले रोनाल्ड रॉस तेव्हा सिकंदराबादला होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. हैदराबादच्या आपल्या वाचक भगिनींना बेगमपेठेतली ती जुनी इमारत ठाऊक असेल. डासाची फक्त मादी चावते आणि तीही अंड्यांसाठी, नर फुलांचा रस पितो, हे वाचलं तेव्हा मी क्षणभर थांबले. मीही तिथं एका बाळंतिणीच्याच पोषणासाठी गेले होते.

आता न्यू जर्सीची गोष्ट. समुद्रकाठी मैलोन्‌मैल खाऱ्या दलदली. उन्हाळ्यात डास इतके, की जमीन कसणं आणि किनाऱ्यावर वस्ती करणं अवघड. राज्याचे कीटकतज्ज्ञ जॉन बी. स्मिथ यांनी दाखवून दिलं, की दलदलीत जन्मलेले हे डास कित्येक मैल आत उडत येतात. तेव्हा गावातल्या माणसानं फक्त आपलं अंगण बघून भागणार नाही. १९०४ साली त्यांचा मोठा अहवाल आला. त्यांचा उपाय म्हणजे चर. दहा इंच रुंद, अडीच फूट खोल. भरतीओहोटीचं पाणी त्यातून येईल-जाईल, साचून राहणार नाही, आणि पाण्याबरोबर आलेले बारके मासे डासांच्या अळ्या खातील. मजुरांनी कुदळ-फावड्यांनी असे चर खणले. १९१२ मध्ये कायदाच झाला, की प्रत्येक जिल्ह्यानं डासांसाठी मंडळ नेमावं.

डास कमी झाले, हे खरं. पण पुढं माणसं हावरी झाली. सरसकट जाळ्यासारखे चर मारत सुटली. दलदली सुकल्या, तिथले पक्षी उठून गेले. मग १९६० नंतरच्या दशकात त्याच राज्यातल्या लोकांनी पद्धत बदलली. दलदल सुकवायची नाही, तिच्यात मासे राहतील अशी तळी ठेवायची. माशांनी अळ्या खाव्यात हाही हिंसेचाच मार्ग, हे मला कळतं. पण सगळं रान उजाड करण्याचं पाप तरी टळलं.

मधल्या काळात आलं डीडीटी. पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडं १९५३ पासून हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आमच्या लहानपणी खाकी कपड्यांतली माणसं पाठीवर पंप घेऊन यायची आणि फवारणी झाली की दारावर तारीख लिहून जायची. आज्जी देव्हाऱ्याच्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "इथं नको, बाबा." बाकीचं घर मात्र ती मुकाट मारू द्यायची. मला तेव्हा हा तिचा अर्धवटपणा वाटे. पण स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, हा अंदाज वाचल्यावर वाटलं, तिनं हिवतापानं गेलेली माणसं डोळ्यांनी पाहिली होती. सोपा त्यांना आणि देव्हारा देवाला, अशी तिनं आपल्यापुरती तडजोड केली होती.

फवारणीनं रोगी झपाट्यानं घटले, १९६०च्या दशकात लाखाच्या आसपास आले. पण डासही औषधाला सरावले. आपली ढिलाईही झाली. १९७६ मध्ये रोग्यांचा आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. तिकडं रेचेल कार्सन नावाच्या बाईंनी १९६२ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, की या औषधानं पाखरं मरताहेत. १९७२ मध्ये अमेरिकेनं डीडीटीवर बंदी घातली.

हे वाचता वाचता घरातल्या दोन साध्या वस्तूंचा इतिहास हाती लागला. लेकीच्या घराच्या प्रत्येक खिडकीला बारीक जाळी आहे. कनेटिकट राज्यात गिल्बर्ट आणि बेनेट यांचा चाळण्या करायचा कारखाना होता. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडचं गिऱ्हाईक तुटलं, तारेची जाळी पडून राहिली. मग तिलाच रंग देऊन खिडक्यांना लावायला विकली. म्हणजे खिडकीची जाळी ही मुळात चाळणीच! दुसरी वस्तू कासवछाप म्हणून आपण पेटवतो ते वेटोळं. जपानच्या एइचिरो उएयामा यांनी १८९० मध्ये डासांसाठी उदबत्तीसारखी काडी काढली, पण ती चाळीसेक मिनिटांत विझायची. साप वेटोळं घालतो तशी लांब काडी गुंडाळली तर रात्रभर पुरेल, हे सुचलं त्यांच्या पत्नीला, युकी यांना. १९०२ पासून वेटोळं बाजारात आलं. रात्री किती वेळा उठावं लागतं, हे घरातल्या बाईलाच ठाऊक असणार.

पण जाळी लावा की धूर करा, अंगणात दिवसा चावणाऱ्या त्या पट्टेवाल्या डासाचं काय? त्याचा इतिहास वाचून तर मी लेकीला हाक मारून बोलावलं. त्याला तिकडं 'एशियन टायगर' म्हणतात. शास्त्रात त्याची पहिली नोंद झाली १८९४ मध्ये, आपल्या कलकत्त्याच्या नमुन्यांवरून! पुढं आशियातून जहाजानं गेलेल्या जुन्या टायरांत साचलेल्या पाण्याबरोबर तो अमेरिकेत उतरला. १९८५ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनला सापडला आणि १९९५ मध्ये न्यू जर्सीत. लेक म्हणाली, "म्हणजे आई, हा आमच्या थोडाच आधी आलाय की!"

हा डास दलदलीत राहत नाही. त्याला ताटलीभर पाणी पुरतं. जिथं जन्मतो तिथून फार लांब उडतही नाही. म्हणजे आम्हाला चावणारे डास आमच्याच, नाहीतर शेजारच्या अंगणातले. उन्हाळ्यात अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. तेव्हा आठवड्यातून दोनदा पाणी पालथं केलं, तर डास जन्मणारच नाही. कंपनीचं औषध काय, वर फवारलं तर फुलपाखरंही मरणार आणि मधमाश्याही.

त्या शनिवारी आम्ही तिघी, म्हणजे मी, लेक आणि चार वर्षांची नात, अंगणभर हिंडलो. पाणी निघालं ते असं : कुंड्यांखालच्या ताटल्या सात, नातीची वाळू खेळायची बादली, तिची उताणी पडलेली छोटी सायकल, भट्टीवरच्या प्लॅस्टिकच्या कापडातली घडी, आणि छपराची पन्हाळ जिथं जमिनीवर उतरते तो घड्याघड्यांचा पाइप. त्या पाइपात तर किती साचलं होतं! एका ताटलीत अळ्या वळवळत होत्या.

ती ताटली हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. आमच्याकडं पाणी गाळल्यावर कापडावर राहिलेले जीव, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. इथं ही जिवाणी कुठं नेऊन सोडू? नात विचारत होती, "आजी, यातले किडे कुठं जाणार?" मी ताटली तापलेल्या फरशीवर ओतली. तिला खोटं सांगितलं नाही. "आपण पाणी साचू दिलं म्हणून ते जन्मले. आपली चूक. आता पुन्हा साचू द्यायचं नाही," एवढंच म्हणाले. ही हिंसा विरोधी म्हणायची की आरंभी, मला अजून ठरवता आलेलं नाही. संध्याकाळी सामायिकाला बसताना त्या जिवांची क्षमा मागितली.

त्यानंतर मात्र बुधवारी आणि शनिवारी ताटल्या पालथ्या करून पुसायचं काम नातीनं आपल्या अंगावर घेतलं. पुसायच्या, कारण या डासाची अंडी पाण्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडीही टिकतात. पन्हाळीचा पाइप जावयांनी काढून सरळ नळीचा बसवला. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना लेकीनं समजावलं. एका बाजूला गुजराती कुटुंब, दुसरीकडं एक एकट्या राहणाऱ्या अमेरिकन आजी. आजींची ताटली पालथी करायलाही आमची नात जाऊ लागली. जुलै संपता संपता आम्ही पुन्हा अंगणात जेवायला बसलो. डास नव्हते असं नाही. पण पायांत मोजे आणि अंगात सैल, फिकट कपडे घातले की निभत होतं. कंपनीला बोलावलं नाही.

माझी आज्जी परड्यातली दगडी डोण दर चार दिवसांनी उपसून, घासून, पालथी घालायची. हिवतापासाठी नव्हे. साचलेल्या पाण्यात जीव पडतात आणि मग ते मारावे लागतात, म्हणून. आम्ही नळ आल्यावर डोण काढून टाकली आणि तिच्याबरोबर ती सवयही.

ऑगस्टमध्ये बेळगावला परतले तेव्हा पाऊस जोरात होता. घरात पाऊल टाकायच्या आधी मागं गेले. कोळंब्याच्या शेडवर ताडपत्री उडू नये म्हणून ह्यांनी तीन जुने टायर टाकून ठेवले होते. तिन्हींत पाणी. शेजारी चार नारळाच्या करवंट्या, त्यांतही पाणी. ह्यांना म्हटलं, "चहा नंतर. आधी शिडी आणा."