वर्गणीवर चालणारे दबावगट: वऱ्हाडातील दोन वाटा

समान हितसंबंध असलेले लोक संघटना काढतात, वर्गणी देतात आणि सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवू पाहतात. अशा संघटनेला दबावगट म्हणतात, तर निवेदने, मंत्र्यांच्या भेटी, आमदारांमार्फत सभागृहात प्रश्न या तिच्या खटपटीला लॉबिंग. अमेरिकेत १९९५च्या कायद्यानुसार व्यावसायिक लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. भारतात तसा कायदा नाही.

वर्गणीची मेख अशी, की कापसाचा भाव वाढला तर तो वर्गणी न देणाऱ्यालाही मिळतो. मग पैसे कोण देणार? बाजार समितीतले व्यापारी मोजकेच असल्याने लवकर एकत्र येतात. गावोगाव विखुरलेल्या कास्तकारांना ते जड जाते.

अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री होते. मंत्रिपदी असतानाच, १९५५ साली, त्यांनी शेतकऱ्यांची देशव्यापी संघटना म्हणून भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९ साली दिल्लीत या संस्थेने भरवलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. ज्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडायचे, तेच संस्थापक! दार उघडे होते हे खरे. पण घरच्याच मंत्र्यावर दबाव कितपत टाकता येतो, हा प्रश्न उरतोच.

दुसरी वाट रस्त्यावरची. शरद जोशींची शेतकरी संघटना पुणे जिल्ह्यातल्या चाकणच्या कांदा आंदोलनातून उभी राहिली आणि १९८०च्या दशकात कापसाच्या प्रश्नावर विदर्भात पसरली. राज्यात तेव्हा कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकावा लागे. त्यामुळे भावाचे भांडण थेट सरकारशी होते. छातीवरचा लाल बिल्ला ही कार्यकर्त्याची ओळख. इथे ताकद पैशाची कमी, रास्ता रोकोला येणाऱ्या माणसांची जास्त.

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर येथे याच संघटनेने, परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे जाहीरपणे पेरले. पर्यावरण संरक्षण कायद्यात त्यासाठी तेव्हा ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. मागणी सरकारच्या कानावर गेली, देशभर बातम्या झाल्या. बियाण्याला मंजुरी काही मिळाली नाही, आणि काही शेतकऱ्यांवर गुन्हे मात्र दाखल झाले.