पाण्यांत विरघळलेलें मीठ

एकसारख्या दोन कांचेच्या पेल्यांत साखरेचें पाणी व मिठाचें पाणी शेजारीं शेजारीं ठेवलें तर डोळ्यांना दोहोंत कांहींच भेद दिसत नाहीं. जिभेला तो कळतो. पण विजेला त्याहूनही अधिक कळतो. साखरेच्या पाण्यांतून विजेचा प्रवाह जवळजवळ जातच नाहीं, मिठाच्या पाण्यांतून मात्र तो सहज वाहतो. दुसराही एक भेद आहे. एक किलोग्रॅम पाण्यांत ३४.२ ग्रॅम साखर अथवा ५.८५ ग्रॅम मीठ घातलें म्हणजे रेणूंची संख्या दोहोंकडे सारखीच होते. अशा साखरेच्या पाण्याचा गोठणांक सुमारें ०.१९ अंश सेंटिग्रेडनें खालीं उतरतो. मिठाच्या पाण्याचा मात्र सुमारें ०.३५ अंशानें. गोठणांकाची ही उतरण विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असते. मग मोजून घातलेले रेणु तितकेच असतां मिठाचे कण जवळजवळ दुप्पट कोठून आले?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत या प्रश्नानें रसायनशास्त्रज्ञांत मोठें वादळ उठविलें. द्रावणांतून वीज वाहून नेणाऱ्या कणांना ‘आयन’ हें नांव फॅरडेनें १८३४ सालींच दिलें होतें. परंतु रेणु फोडण्याचें काम विजेचा प्रवाहच करतो, असा सर्वसाधारण समज होता. १८५७ सालीं क्लाउसियसनें, प्रवाह नसतांनाही थोडेसे रेणु फुटलेले असावेत, असें सुचविलें. पण ते अगदीं थोडे, अपवाद म्हणून.

स्वान्ते अऱ्हेनियस याचा जन्म स्वीडनमध्यें १८५९ सालीं उप्सालानजीक झाला. उप्साला विद्यापीठांतील शिक्षणानें त्याचें समाधान होईना, म्हणून १८८१ सालीं तो स्टॉकहोम येथें एडलुंड या पदार्थविज्ञान्याच्या प्रयोगशाळेंत गेला. तेथें अत्यंत विरळ द्रावणांची विद्युद्वाहकता मोजण्याचें कंटाळवाणें काम त्यानें अंगावर घेतलें. द्रावण जसजसें विरळ करावें, तसतशी त्यांतील क्षाराच्या प्रत्येक रेणूमागें वाहकता वाढत जाते, असें आढळून येई. १७ मे १८८३ च्या रात्रीं त्याच्या मनांत याचा उलगडा झाला आणि तो पुरता सोडवीपर्यंत आपल्याला झोंप आली नाहीं, असें त्यानें पुढें सांगितलें आहे. पाण्यांत क्षाराचे कांहीं रेणु वीज वाहण्यास समर्थ असतात, कांहीं नसतात, आणि पाणी वाढविलें कीं समर्थांचें प्रमाण वाढतें, अशी ती कल्पना होती. जे कण वीज वाहतात तेच रासायनिक क्रियाही घडवितात, हें तिचें दुसरें व अधिक धाडसी अंग होय.

उप्सालाचे रसायनाचे अध्यापक क्लेव्हे यांच्यापुढें तरुणानें ही कल्पना मांडली तेव्हां, फार मनोरंजक आहे, एवढेंच बोलून त्यांनीं निरोप दिला. प्रबंध १८८४ सालीं फ्रेंच भाषेंत सादर झाला. परीक्षकांनीं त्याला चौथी श्रेणी दिली. विद्यापीठांत अध्यापकी मिळण्यास ती पुरेशी नव्हती. म्हणजे पंचवीस वर्षांच्या या माणसाचा विद्याव्यासंग तेथेंच संपावयाचा! परीक्षकांना सर्वस्वीं दोष देणें मात्र न्याय्य होणार नाहीं. प्रबंध लांबलचक व दुर्बोध होता, आणि रेणु सरळ आयनांत फुटतात हें विधान त्यांत स्पष्ट शब्दांत आलेलेंही नव्हतें.

अऱ्हेनियसनें प्रबंधाच्या प्रती परदेशीं पाठविल्या. रीगा येथील ओस्टवाल्ड यांना ती प्रत मिळाली त्याच दिवशीं दाढदुखी व नवजात कन्या यांचाही लाभ झाला, आणि तिहींत अधिक त्रास प्रबंधानेंच दिला, अशा अर्थाची आठवण त्यांनीं लिहून ठेविली आहे. तरीही त्यांनीं तो वाचला, अम्लांवरील स्वतःच्या मोजमापांशीं ताडून पाहिला, आणि त्याच वर्षीं ते उप्सालास येऊन दाखल झाले. रीगाची अध्यापकी त्यांनीं तरुणापुढें ठेवली. परक्यांनीं मागणी घातली म्हणतांच घरच्यांचेही डोळे उघडले. उप्सालानें अऱ्हेनियसला जागा दिली.

दरम्यान ॲम्स्टरडॅमचे व्हांट हॉफ यांनीं दाखविलें कीं, विरळ द्रावणाचे कण वायूच्या कणांसारखेच नियम पाळतात. पण क्षार, अम्ल व अल्कली यांच्या बाबतींत समीकरणांत एक जादा गुणक घालावा लागे. तो कां, हें त्यांनाही सांगतां येत नव्हतें. अऱ्हेनियसनें १८८७ सालीं तो गुणक वाहकतेवरून काढला, गोठणांकावरूनही काढला, आणि दोन्ही आंकडे बहुतांशीं जुळले. मिठाला जवळजवळ दोन, कॅल्शियम क्लोराइडला तिनाच्या जवळ. रेणु फुटतात, आणि विजेशिवायच फुटतात, हें विधान त्यानें या वेळीं निःसंदिग्धपणें केलें.

विरोधकांचा आक्षेप साधा पण बिनतोड वाटे. सोडियम पाण्यांत पडतांच भडका उडतो. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायु. मग मिठाच्या पाण्यांत हे दोघे सुटे असतील तर तें पाणी शांत कसें? उत्तर असें कीं, तेथें असतात ते विद्युद्भारित आयन. भारामुळें त्यांचा स्वभावच पालटतो. इंग्लंडांत आर्मस्ट्राँग व रशियांत मेंडेलीव्ह यांचें याने समाधान झालें नाहीं.

परंतु प्रयोगशाळेंतील जुनीं कोडीं आपोआप सुटूं लागलीं. कोणत्याही क्लोराइडांत सिल्व्हर नायट्रेट टाकलें कीं पांढरा सांका बसतो; क्लोरोफॉर्ममध्यें क्लोरीन असूनही बसत नाहीं, कारण तेथें क्लोरीनचा आयन नाहीं. तीव्र अम्ल व तीव्र अल्कली कोणतीही घ्या, समप्रमाणांत मिसळतां दर वेळीं सुमारें १३,७०० कॅलरी उष्णता निघते. कारण हायड्रोजनचा आयन व हायड्रॉक्सिलचा आयन मिळून पाणी होणें, ही एकच क्रिया तेथें घडते.

१९०३ सालीं अऱ्हेनियसला रसायनाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निवड करणाऱ्या समितींत प्रो. क्लेव्हे होते.

तथापि उपपत्तींत एक उणीव राहिली होती. ओस्टवाल्ड यांनीं १८८८ सालीं मांडलेला विरलतेचा नियम व्हिनेगारच्या अम्लास उत्तम लागू पडे. मिठास तो लागेना. कलकत्त्याचे पंचविशीच्या आंतील रसायनशास्त्रज्ञ ज्ञानचंद्र घोष यांनीं १९१८ सालीं लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकांत असें मांडलें कीं, मिठासारखे क्षार पाण्यांत अंशतः नव्हे, पूर्णपणें विलग होतात. वाहकता घटते ती परस्परांच्या आकर्षणामुळें. स्फटिकांतही आयनच असतात, हें ब्रॅग पितापुत्रांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांवरून नुकतेंच दिसून आलें होतें. पाणी त्यांना फोडीत नाहीं, तर त्यांचें आकर्षण सुमारें ऐंशी पटींनीं दुबळें करून त्यांना दूर सारतें. द्रावणांतही आयनांची रचना स्फटिकासारखीच राहते, हें घोष यांचें गृहीत मात्र टिकलें नाहीं. १९२३ सालीं डिबाय व ह्यूकेल यांनीं नवें गणित दिलें: प्रत्येक आयनाभोंवतीं विरुद्ध भाराचा एक विरळ मेघ जमतो. पूर्ण विलगीकरणाचें तत्त्व त्यांनीं तसेंच ठेविलें.