आर, तिची पॅकेजे आणि न जुळणाऱ्या आवृत्त्या

संख्याशास्त्रासाठी वापरली जाणारी 'आर' ही संगणकभाषा ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. तिचा साचा बेल प्रयोगशाळेतल्या 'एस' भाषेचा. १९९७ मध्ये 'क्रॅन' हे पॅकेजांचे सामाईक भांडार सुरू झाले आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी १.०.० ही आवृत्ती निघाली. आवृत्त्यांच्या तंट्याचे मूळ या भांडारातच आहे. मूळ भाषा एका छोट्या गटाच्या हाती, पॅकेजे मात्र जगभरच्या हजारो लेखकांची, आणि प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे.

पॅकेज नव्या आरवर बांधलेले आणि संगणकावर आर जुनी, असे झाले की पडद्यावर सूचना येते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या लॅपटॉपवर असो की पवईच्या प्रयोगशाळेत, ओळ तीच. नवखा माणूस तिला घाबरतो. पण ती बहुधा निरुपद्रवी असते. खरी अडचण येते ती एका पॅकेजाला दुसऱ्याची नवी आवृत्ती हवी असताना जुनीच स्मृतीत चढलेली असते तेव्हा. अशा वेळी चालू सत्र बंद करून, काहीही न चढवता, हवे ते पॅकेज पुन्हा बसवावे लागते. विंडोजवर हे विशेष नडते, कारण वापरात असलेली फाइल विंडोज बदलू देत नाही आणि पॅकेज अर्धवट बसते.

काही आवृत्त्यांनी सगळेच नव्याने बसवायला लावले. २०१३ च्या ३.०.० ने तसे केले, २०२० च्या ४.०.० नेही. ३.६.० ने साठवणीचा साचा बदलला, त्यामुळे तिच्यात जपलेल्या फाइली ३.५.० पूर्वीच्या आरला उघडेनात. स्टाटा या दुसऱ्या संख्याशास्त्रीय प्रणालीच्या वापरकर्त्यांना हे नवे नव्हते: २०१५ च्या चौदाव्या आवृत्तीत युनिकोड आल्यावर तिच्या फाइली तेराव्या आवृत्तीत उघडत नव्हत्या. स्टाटाने मात्र एक शहाणपण पूर्वीपासून ठेवले आहे. आज्ञावलीच्या माथ्यावर आवृत्तीचा आकडा लिहिला की नवे स्टाटाही ती जुन्या रीतीने चालवते.

मात्र एररपेक्षा घातक असते ती एररच न येणे. एप्रिल २०१९ च्या ३.६.० मध्ये यादृच्छिक नमुना काढण्याची रीत सुधारली गेली. जुन्या रीतीत फार मोठ्या समूहातून नमुना काढताना बारीकसा कल राहत असे. सुधारणा योग्यच होती. पण यादृच्छिक क्रमाचा आरंभ ठरवणारे बीज १२३ ठेवून १ ते १० चा क्रम लावल्यास आधी ३, ८, ४, ७ असा येई, तो आता ३, १०, २, ८ असा येऊ लागला. ४.०.० ने मजकुराचे स्तंभ आपोआप वर्गचलांत बदलणे थांबवले. जुनी आज्ञावली कधी बिनतक्रार चालते आणि उत्तर वेगळे देते, हेच या दोन्हींचे दुखणे.

मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे आरमध्ये लिहून घेतली. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही ऐकायला मिळतात आणि धड्याच्या सुरुवातीलाच वापरलेली प्रणाली व तिची आवृत्ती सांगण्याची तिथे प्रथा आहे. ऐकणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटते. पण पडद्यावरचे उत्तर जुळले नाही की आधी तोच आकडा पाहावा लागतो.

इलाजांचाही एक इतिहास आहे. रोजच्या क्रॅनची नक्कल जपणारे मायक्रोसॉफ्टचे 'एमरॅन' भांडार २०२३ मध्ये बंद झाले आणि त्यावर विसंबलेल्यांना दुसरा पत्ता शोधावा लागला. पॅकेजांच्या आवृत्त्या जपणाऱ्या 'पॅकरॅट' या साधनानंतर 'रेन्व्ह' आले. ते प्रकल्पातील प्रत्येक पॅकेजाची आवृत्ती एका फाइलीत नोंदवते आणि दुसऱ्या संगणकावर तीच पुन्हा बसवते. त्या फाइलीत आरचा आकडाही असतो, पण आर मात्र ते बसवून देत नाही. ती हाताने उतरवून घ्यावी लागते.