भांगाच्या दिवशी कयाक

कयाक हा शब्द देवनागरीत कुठूनही वाचा, कयाकच राहतो. कनक, नयन यांच्यासारखीच त्याची घडण, आणि म्हणूनच की काय, परका असूनही तो मराठी जिभेवर अडखळत नाही. गिरगाव चौपाटी, तारकर्ली, गोव्यातली साळ नदी अशा ठिकाणी आता तो फलकांवर दिसतो. ज्याने आयुष्यात कधी वल्हे धरलेले नाही, तोही तासभर पाण्यावर शांतपणे फिरून येतो.

शब्द मूळचा ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांचा. तिकडे त्यातला 'क' आपल्या 'क'च्याही खाली, घशाच्या तळातून येतो. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे आणि मध्ये एका माणसाच्या कमरेपुरते भोक. शिकारी ही होडी आपल्या अंगाच्या मापाने बेतून घेई, जवळजवळ अंगात घालीच. बायकामुले आणि सामानसुमान न्यायला वेगळी, मोठी, उघडी होडी असे. तिचे नाव उमियाक. कयाकसारखी वस्तू आपल्या किनाऱ्यावर कधी नव्हती. तिला मराठी नाव घडवत बसू नये, असे माझे मत आहे. वस्तू ज्यांनी घडवली, नावही त्यांचेच राहू द्यावे.

कनूची गोष्ट वेगळी. 1492 मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोचला, तेव्हा तिथले ताइनो लोक अखंड खोड कोरून केलेल्या होड्या वापरत आणि अशा होडीला 'कनोआ' म्हणत. स्पॅनिशने तो शब्द उचलला, इंग्रजीने त्याचा 'कनू' केला. त्याच ताइनो भाषेतून 'बटाटा' निघाला. तिथे तो रताळ्याचे नाव होता. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि इतका आपला झाला की परळ-लालबागच्या गिरणगावात वड्यात बसून कामगारांच्या पोटाला आधार देऊ लागला. कनू आणि बटाटा ही एकाच घरची भावंडे आहेत, हे मला फार आवडते.

पण बटाट्याची जागा इथे रिकामी होती, कनूची नव्हती. खोड कोरून केलेल्या होडीला मराठीत डोणी हा शब्द आहे. संस्कृत 'द्रोणी' म्हणजे लाकडी कुंड. गोठ्यातली गुरांना पाणी पाजायची डोण, पंगतीतला पानांचा द्रोण आणि पाण्यावरची डोणी, सगळ्यांचा आकार एकच: आत पोकळ, कडा वर. ताइनो माणूस आणि कोकणी माणूस एकमेकांना कधी भेटले नव्हते, तरी दोघांनी झाडाकडे पाहिले आणि दोघांना आत होडी दिसली. कोकणात ती बहुधा आंब्याच्या खोडाची. मालवण-वेंगुर्ल्याकडे अशा अरुंद होडीला एका बाजूने, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी, पाण्यावर तरंगणारा ओंडका बांधतात. त्याला उलांडी म्हणतात. 'उलंडणे' म्हणजे कलून उपडे होणे. होडी उलंडू नये म्हणून उलांडी. हे नाते मला उघड दिसते.

नवशिक्याच्या मनातली पहिली भीती ही उलंडण्याचीच. कयाकला उलांडी नसते, तोल कमरेने सांभाळायचा असतो. मात्र पर्यटकांना देतात ती कयाक रुंद बुडाची, प्लॅस्टिकची, वर बसायची असते. उलटली तरी माणूस आत अडकत नाही; अंगातले लाइफ जॅकेट त्याला वर ठेवते. वल्हे दोन्ही टोकांना पात्याचे, कनूचे एकाच टोकाला. दोन्हींत तोंड पुढे असते. रोइंगमध्ये पाठ पुढे करून वल्ही ओढतात. इंग्रजीला या दोन क्रियांसाठी दोन क्रियापदे लागतात, मराठीचे 'वल्हवणे' दोन्ही सामावून घेते. म्हणून 'कयाकिंग करणे' मला खटकते. 'कयाक वल्हवणे' म्हणा. नौकानयन हा भारदस्त शब्द स्पर्धांच्या बातम्यांत शोभतो, पण रविवारी सकाळी घरातून निघताना कोणी 'नौकानयनाला जातो' म्हणत नाही.

ज्या वाळूवरून ही कयाक पाण्यात ढकलायची, त्या चौपाटीच्या नावातही पाणीच आहे. 1909 च्या मुंबई गॅझेटिअरने चौपाटीची तुलना पालघरकडच्या सातपाटीशी केली: तिथे सात पाट, इथे चार. पाट म्हणजे पाण्याचे ओघळ. भरतीचे पाणी एके काळी इथून आत शिरत असावे. उमरखाडीच्या नावात खाडी अजून आहे, पायधुनीला लोक पाय धुऊन पुढे जात. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये 1845 मध्ये कॉजवे झाला, तोवर तरीतून जावे लागे. तर म्हणजे प्रवासी नेणारी होडी. हा शब्द मुंबईने टाकला, कोकणातल्या खाड्यांवर तो अजून चालतो. तरणे, तारू, तीर्थ हे सगळे त्याच 'तृ' धातूचे.

समुद्रावरचे आपले कितीतरी शब्द मात्र पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांबरोबर आले. नाखवा हा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. सुकाणू अरबी. नांगर मोठा गमतीचा: शेतातला संस्कृत 'लाङ्गल'पासून आलेला, पाण्यातला फारसी 'लंगर'पासून, आणि मराठीत येऊन दोघे एकरूप झाले.

यात नवशिक्याच्या खऱ्या उपयोगाचा शब्द आहे मतलई. भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. खारे दुपारी समुद्रावरून येतात, मतलई रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात. अरबीत मतला म्हणजे उगवण्याची जागा. आपल्या किनाऱ्यावर जमीन पूर्वेला, सूर्य उगवतो त्या बाजूला. मतलई वारा मला याच मतल्याचा वंशज वाटतो. पहाटे चौपाटीचे पाणी गुळगुळीत असते ते या वाऱ्यामुळे, पण तोच वारा कयाकला हळूहळू बाहेर नेतो. पाठीमागून वारा लागतोय आणि वल्हवणे फार सोपे वाटतेय, तर वळून किनारा किती लांब गेला ते पाहावे. मलबार हिलचा आडोसा असला तरी हे लक्षात ठेवावे.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तो प्रश्नच नाही. तिथे 2017 पासून स्वामिनी बचतगटाच्या स्त्रिया पर्यटकांना होडीतून कांदळवनात नेतात आणि होडी स्वतः वल्हवतात. मुंबईकर ज्याला सरसकट तिवर म्हणतो, त्यात तिवर आणि कांदळ ही वेगळी झाडे आहेत. तिवराची मुळे चिखलातून बोटांसारखी वर येतात, कांदळाची खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात. हा फरक इंजिनाच्या बोटीतून कळत नाही, वल्ह्याच्या गतीने जाताना कळतो. माझ्या मते पहिला धडा घ्यायला याहून चांगली जागा नाही.

मुंबईत मात्र भरती पाहूनच निघावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि पाण्याला ओढ फार. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भरतीही लहान, ओहोटीही लहान. त्याला कोळी लोक भांग म्हणतात. आनंदाला उधाण येते असे आपण म्हणतो, भांगाला मात्र वाक्प्रचारात जागा मिळाली नाही. नवशिक्यासाठी तोच दिवस चांगला. पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै, यांत्रिक बोटींची मासेमारीसुद्धा बंद असते. कयाकचा विचार दसऱ्यानंतर करावा.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता मुंबईत पूर्ण भरती. शुद्ध असो वा वद्य, दशमीला दहा त्रिक तीस, भागिले चार, म्हणजे साडेसात. साडेसहाला पाण्यात उतरलात तर पाणी अजून चढते असते आणि बाहेर नेणाऱ्या मतलईला थोडा अटकाव करते. साडेसातच्या सुमारास ते थबकते, तेव्हा परत फिरावे. रीत ढोबळ आहे, अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो. निघण्याआधी त्या दिवसाचा भरतीचा तक्ताही पाहून घ्यावा.